राखाडी चौकोन

मित्राने रात्री उशिरा एक फाइल पाठवली. नावाच्या जागी नुसते आकडे, कलाकाराच्या जागी काहीच नाही, आणि जिथे कव्हरचं चित्र असायला हवं तिथे फोनने आपणहून काढलेला राखाडी चौकोन, मधोमध फिकट स्वरचिन्ह. मी विचारलं, "कुणाचं आहे?" उत्तर आलं, "आधी ऐक." लावलं. खूप खालून येणारी, छातीला कळावी पण कानाला नीट सापडू नये अशी घरघर. तिच्यावर मधूनच एखादी कोरडी टिचकी. मग बराच वेळ काही नाही. मग एक बारीक सूं, जवळ येऊन परत मागे जाणारा. असलं संगीत मला नवं नाही. सिंथेसायझरची गुणगुण, बिघडलेल्या सीडीची अडखळ, ज्याला घरातले लोक सरळ "मशिन चालू राहिलंय का गं?" म्हणतात ते सगळं मी हौसेने ऐकत आले आहे. तरी दोन-तीन मिनिटांत ते बंद केलं. कंटाळा आला म्हणावं तर तेही नाही. बघायचं कुठे ते कळेना. डोळे त्या चौकोनावर जायचे, तिथून घसरायचे, आणि त्यांच्यामागोमाग कानही.

पुढे त्यानेच कव्हर पाठवलं. पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावाचा फोटो. उतरत जाणाऱ्या निळसर फरश्या, खोल टोकाला इंचभर साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यात चारही पाय बुडवून उभी असलेली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. बाकी एक अक्षर नाही. तीच फाइल पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. घरघर आता त्या तलावाच्या भिंतींतून येत होती, टिचकी त्या इंचभर पाण्यात पडत होती, आणि तो सूं कुठून येतो ते विचारायची गरजच उरली नव्हती. तिथे वारा असणारच. ध्वनीत कणभरही बदल झालेला नव्हता. खरं तर मजा वाटायला हवी होती. आला तो राग.

म्हणजे इतकी वर्षं मी नेमकं काय ऐकत होते?

गाणाऱ्याची रेकॉर्ड असली की हा प्रश्न येत नाही. कव्हरवर माणूस असतो. डोळे मिटलेले, एक हात वर गेलेला, तोंड किंचित उघडं. आवाज कुठल्या गळ्यातून येणार ते सुई टेकायच्या आधीच ठरलेलं असतं. वाद्य असेल तर वाद्य असतं. तार छेडली की बोट दिसतं, फुंकर मारली की गाल दिसतात. इलेक्ट्रॉनिक संगीताला हे शरीरच नाही. विजेचा प्रवाह कमी-जास्त झाला आणि स्पीकरचा पडदा हलला, इतकीच त्याची शारीरिक बाजू. कुणी बटण फिरवलं असेल, कुणी काहीच न करता बाजूला बसून राहिलं असेल, कळायला मार्ग नाही. गंमत म्हणजे रेकॉर्डला चित्राचं कव्हर असतं हीच मुळात उशिरा सुचलेली गोष्ट. १९४० च्या आसपास ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकाराने कोलंबिया कंपनीला ती करून दाखवली. त्याआधी तबकड्या करड्या-तपकिरी कागदाच्या पाकिटांतून विकल्या जात. पण तेव्हाच्या श्रोत्याला गाणारा माहीत होता, सारंगी माहीत होती, पियानो माहीत होता. तपकिरी कागदाने त्याचं काही अडत नव्हतं. माझं राखाडी चौकोनाने अडलं.

हे अडणं संगीत बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना फार आधीच कळलं असावं. १९६८ साली अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोसने मोग सिंथेसायझरवर बाख हा जुना जर्मन संगीतकार वाजवला. भिंतभर पसरलेली तारा-खुंट्यांची ती पेटी. एका वेळी एकच सूर निघायचा, म्हणून एकेक ओळ वेगळी ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचायची. असल्या चिकाटीच्या कामाला कव्हर काय मिळालं? टोप घातलेला, जुन्या दरबारी पोशाखातला एक 'बाख' आणि त्याच्यामागे ती पेटी. पहिल्या छपाईत हा बाख खुर्चीत बसून असा काही चेहरा करत होता की कार्लोसला ती आपल्या कामाची थट्टा वाटली. वर पेटीची जोडणीही चुकीची होती, आवाज निघणारच नाही अशी. नंतरच्या छपाईत बाखला उभं केलं, चेहरा गंभीर केला. रेकॉर्ड लाखांनी खपली. मला कार्लोसचा वैताग पूर्ण पटतो आणि त्या बसलेल्या बाखबद्दल मायाही वाटते. लोकांना या आवाजासाठी एक माणूस हवा होता. जिवंत कुणी सापडेना, तर दोनशे वर्षांपूर्वी गेलेला आणून बसवला.

क्राफ्टवेर्क या जर्मन बँडने उलट टोक धरलं. १९७० च्या पहिल्या अल्बमवर रस्त्यावर ठेवतात तो शंकू, तांबडा-पांढरा. माणूस नाही, वाद्य नाही, निसर्ग तर नाहीच. पुढे १९७८ च्या 'द मॅन-मशिन'वर चौघं आले खरे, पण एकसारखे लाल सदरे, काळे टाय, रंगवलेले ओठ, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. कार्ल क्लेफिशने ते कव्हर रशियन चित्रकार एल लिसित्स्कीच्या धाटणीवर बेतलं होतं. या चार चेहऱ्यांकडे कितीही वेळ पाहिलं तरी कोण काय वाजवतो ते कळत नाही. इथे चेहरे आहेत ते चेहरा नसल्याचं सांगायला.

आणि मग १९७६ ची 'मदर अर्थ्स प्लँटेझिया'. मॉर्ट गार्सनने मोगवर रचलेलं, झाडांनी ऐकावं असं संगीत. कव्हरवर दोन माणसं कुंडीतल्या रोपाला बिलगली आहेत. लॉस एंजलिसच्या 'मदर अर्थ' या रोपांच्या दुकानात खरेदी केली की ही रेकॉर्ड मिळायची, आणि सीअर्समधून सिमन्सची गादी घेतली तरी मिळायची. गादीवर रेकॉर्ड फुकट! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? पण ऐकायला बसलं की हसू मावळत जातं. सूर गोल, किंचित ओलसर. चाली इतक्या निरागस की जाणत्या श्रोत्याला थोडं अवघडायलाच होतं. हे संगीत माझ्यासाठी नाही, फर्नसाठी आहे, असं कव्हरने आधीच सांगून टाकलेलं असतं, त्यामुळे मी हळूच बाजूला बसून ऐकते. ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नाही अशा श्रोत्यासारखं.

आतापर्यंतची कव्हरं थोडी चावट असली तरी मदत करणारी. माझी खरी ओढ आहे ती फसवणाऱ्या कव्हरांची. थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्लिश चौकडीची १९७९ ची रेकॉर्ड घ्या. नाव '२० जॅझ फंक ग्रेट्स'. आत जॅझ नाही, फंक नाही, वीस गाणी तर अजिबात नाहीत. कव्हरवर हिरवंगार गवत, रानफुलं, मोकळं आकाश, आणि चौघं सुट्टीला आल्यासारखे उभे, नीटनेटके, हसतमुख. स्वस्तातल्या रेकॉर्डींच्या ढिगात सापडावी अशी शिळी, निरुपद्रवी प्रसन्नता. जागा आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा बीची हेड हा कडा, आणि हा कडा आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. पहिल्यांदा ते कव्हर पाहिलं तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फक्त अस्वस्थ वाटलं होतं. गवत जरा जास्तच हिरवं, हसू जरा जास्तच टिकलेलं. आतला आवाज सुरू झाला, लंगडत चालणारा यांत्रिक ठेका, त्यावर कानाशी कुजबुजणारा माणूस, कुठे अचानक अगदी गोड सिंथेसायझर, आणि मला त्या गोड तुकड्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली. जागेची माहिती कळल्यावर भीती कमी झाली, हे विशेष. कोडं सुटलं की ते कोड्याच्या जागेवर जाऊन बसतं. माहीत नसताना ते हसणारे चौघं संगीतात कुठेही भेटायचे.

याच रेकॉर्डने मला एक वाईट सवय लावली. चित्र आणि आवाज यांचं पटलं की मला संशय येतो. गोंगाटाच्या अल्बमवर गंजका पत्रा, संथ गुणगुणीच्या अल्बमवर धुकं, बारीक टकटकीच्या अल्बमवर पांढऱ्या कागदावर चार काळ्या रेघा. प्रयोगशील म्हणवणाऱ्या संगीताच्या कव्हरांचाही एक गणवेश झाला आहे, आणि बहुतेकांच्या अंगावर तो असतो. राखाडी काँक्रीट, अस्पष्ट छायाचित्र, न वाचता येणारी अक्षरं. हे लिहिताना त्या रिकाम्या तलावाकडे माझं लक्ष जातंच. तोही गणवेशातलाच. तरी खुर्चीचे पाय पाण्यात होते, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पांढऱ्यावर रेघा हा प्रकार मनापासून, हट्टाने कुणी केला असेल तर कार्स्टन निकोलाय आणि त्याच्या जोडीदारांच्या रास्टर-नोटोन या जर्मन संस्थेने. १९९९ मध्ये त्यांनी बारा महिने बारा सीडी काढल्या, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांची, वेगवेगळ्या कलाकारांची. पारदर्शक, चित्र नसलेल्या डब्या, आणि त्या एकमेकींना चिकटून राहाव्यात म्हणून लोहचुंबक. आतले आवाज म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत वाजवतात तसे शुद्ध शिट्टीवजा सूर आणि सूक्ष्म टिकटिक. इथे काही लपवलेलं नाही, काही सुचवलेलं नाही. सगळ्याच्या आरपार दिसतं आणि तरी काही दिसत नाही. त्याआधी, १९७१ मध्ये, फाउस्ट या जर्मन बँडने आपली पहिली रेकॉर्ड पारदर्शक पाकिटात पारदर्शक तबकडी अशी काढली होती, वर फक्त आवळलेल्या मुठीचा एक्स-रे. हाडं दिसतात, हात कुणाचा ते नाही.

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सवाल्यांना मात्र कव्हर नुसतं बघण्याची गोष्ट आहे हेच मान्य नव्हतं. त्यांच्या पीटर सॅव्हिल या डिझायनरने १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या बँडच्या 'ब्लू मंडे'ला फ्लॉपी डिस्कचं रूप दिलं. काळा जाड कागद, फ्लॉपीला असतात तशी कापलेली भोकं, त्यांतून डोकावणारं चंदेरी आतलं पाकीट, आणि कडेला रंगांची पट्टी. बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. ते रंगांच्या सांकेतिक लिपीत, आणि तिची किल्ली दुसऱ्याच अल्बमच्या पाठीवर छापलेल्या रंगचक्रात. त्या अल्बमच्या दर्शनी बाजूला फांतें-लातूरने १८९० मध्ये रंगवलेली गुलाबांची परडी! भोकं कापायचा खर्च इतका होता की प्रत्येक प्रतीमागे तोटा व्हायचा, अशी गोष्ट फॅक्टरीची माणसं स्वतःच रंगवून सांगत, आणि ती सर्वाधिक खपलेली बारा इंची सिंगल ठरली. माझ्या पिढीने फ्लॉपी हातात घेतलेली आहे. तिचं धातूचं झाकण उगाच सरकवत बसायचा चाळा केलेला आहे. पण कव्हरवरची फ्लॉपी त्याच्याही आधीची, सव्वापाच इंची, लवचीक, फडफडणारी. यंत्राच्या आठवणीलाही आता जुन्या कपाटाचा वास येऊ लागला आहे. ज्याला भविष्याची वस्तू म्हणून कव्हरवर बसवलं, ती आज संगीतापेक्षा कितीतरी जास्त म्हातारी दिसते. ठेका अजून ताजा आहे.

याच मंडळींनी १९८० मध्ये द दुरुत्ती कॉलम या बँडच्या पहिल्या अल्बमला खऱ्या सँडपेपरचं कव्हर घातलं. गी दबोर या फ्रेंच लेखकाच्या सँडपेपरमध्ये बांधलेल्या पुस्तकावरून घेतलेली कल्पना: शेजारच्याला खरवडून काढायचं. चिकटवण्याचं काम जॉय डिव्हिजन या फॅक्टरीच्याच बँडच्या पोरांनी थोड्या पैशांसाठी हाताने केलं. आत काय आहे? व्हिनी रायलीची हळुवार, पावसाआधीच्या हवेसारखी गिटार आणि निर्माता मार्टिन हॅनेटने यंत्रातून काढलेला पाखरांचा किलबिलाट. इतकं नाजूक काही मी क्वचित ऐकलं असेल. रेकॉर्डींच्या रांगेत दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या अंगावर ओरखडे उठवणारी आणि स्वतः मात्र खाली मान घालून कुजबुजणारी. असली माणसंही असतात. त्यांच्याशी माझं बरं जमतं.

ओरखड्यांवरून ख्रिश्चन मार्क्ले या रेकॉर्डींशी खेळणाऱ्या कलाकाराकडे जाणं भागच आहे. १९८५ मध्ये त्याने एक रेकॉर्ड काढली आणि तिला कव्हर दिलंच नाही. एका बाजूला संगीत, दुसऱ्या बाजूला कोरलेला मजकूर, आणि त्यात ताकीद की हिला कुठल्याही संरक्षक पाकिटात ठेवू नका. छापखान्यातून निघाल्यापासून ती उघडीच फिरायची. टपालातून, दुकानातून, हातातून. धूळ बसायची, चरे पडायचे, आणि प्रत्येक चरा सुईखाली आला की वाजायचा. त्यातली खुबी अशी की मुळातल्या ध्वनिमुद्रणातही जुन्या रेकॉर्डींची खरखर आहे. त्यामुळे ऐकताना कुठला टक मार्क्लेने घातलेला आणि कुठला वाटेत लागलेला, हे सांगता येत नाही. म्हणजे जगात या रेकॉर्डच्या जेवढ्या प्रती तेवढ्या रचना. काही वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याने झुरिकच्या एका प्रदर्शनात साडेतीन हजार रेकॉर्डी जमिनीवर अंथरल्या आणि लोकांना त्यांच्यावरून चालायला लावलं. रेकॉर्डींवर मुद्रित होतं पावलांच्याच आवाजाचं संगीत. मग त्या उचलून विकल्या.

मी या रेकॉर्डचा विचार पुन्हा पुन्हा करते, कारण माझ्या तक्रारीला ती आडवी येते. कव्हर नसलं की ऐकता येत नाही असं मला वाटलं होतं. इथे कव्हर नसणं हेच ऐकवलं जातंय. सीडीच्या बाबतीत तेच जपानी कलाकार यासुनाओ टोनेने केलं. सीडीला टाचणीची भोकं पाडलेली चिकटपट्टी लावायची आणि लेसरला वाचण्याची ओढाताण करायला लावायची. नव्वदच्या दशकात ओव्हाल या जर्मन नावाने काम करणाऱ्यांनी सीडीवर पेनने रेघोट्या मारल्या आणि त्या अडखळण्यातून झुळझुळीत, जवळजवळ प्रेमळ म्हणावं असं संगीत काढलं. काच फुटताना जो आवाज येतो तो लांबवून मऊ केला तर कसा लागेल, तसं काहीसं. वस्तूला इजा झाली आणि तिला शरीर मिळालं. इतका वेळ कव्हर जे उसनं देत होतं ते तबकडीने स्वतःच्या अंगावर घेतलं.

वस्तूचं शरीर ऐकू येण्याचा दुसरा प्रकार म्हणजे बंद खाच. सुई आत सरकायच्या ऐवजी त्याच वर्तुळात फिरत राहते. प्येर शेफेर या फ्रेंच संगीतकाराने १९४८ च्या सुमारास फ्रेंच रेडिओवर रेल्वेच्या आवाजांचे तुकडे घेऊन काम केलं त्याच्या मुळाशी हीच युक्ती आहे. साडेतेहतीस फेऱ्यांच्या हिशेबाने (नेमकं सांगायचं तर ३३⅓) एक वर्तुळ पुरं व्हायला १.८ सेकंद लागतात. त्यात चार मात्रा बसवल्या तर मिनिटाला १३३ आणि थोडं वर अशी लय पडते, म्हणजे थेट नाचायच्या टेक्नोची. १.८ सेकंदांचं आवर्तन आणि दर आवर्तनाला सम, कधीही न संपणारी. अमेरिकेतल्या आरआरआरेकॉर्ड्सने १९९३ मध्ये सात इंची तबकडीवर शंभर जणांच्या शंभर बंद खाचा काढल्या. एका खाचेवर सुई ठेवून उठायला विसरलं तर ती रचना किती वेळाची? वीज जाईपर्यंत.

आवृत्तीचं हे वेड कायद्याच्या डोळ्यांतही खुपलं. १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारने उघड्यावरच्या रेव्ह पार्ट्या रोखायला जो कायदा आणला त्यात संगीताची व्याख्या करताना एकामागोमाग येणाऱ्या, पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचा शब्दशः उल्लेख होता. ऑटेकर या इंग्लिश इलेक्ट्रॉनिक जोडीने उत्तर म्हणून 'अँटी' नावाची रेकॉर्ड काढली. पाकिटाला सील, आणि सीलवर छापलेली सूचना: तीनपैकी दोन रचनांमध्ये पुनरावृत्त ठोके आहेत, कायदा संमत झाला तर त्या वाजवू नका, तिसरी, 'फ्लटर', अशी रचली आहे की तिच्या कुठल्याच दोन पट्ट्या, म्हणजे ठोक्यांची आवर्तनं, सारख्या नाहीत, ती चालेल, तरी डीजेने शेजारी सतत एक वकील आणि एक संगीतशास्त्रज्ञ ठेवावा. सील फोडलं की पुढची जबाबदारी तुमची. कव्हरने आतल्या संगीताबद्दल इतकी तांत्रिक आणि इतकी खवचट माहिती दिलेली मला दुसरीकडे आढळलेली नाही. 'फ्लटर' ऐकताना मी दर वेळी सारखी पट्टी पकडायचा प्रयत्न करते. कान मुद्दाम पोलिसासारखा लावून बसते. ठोके भराभर पालटत राहतात, वर तो उदास सूर तरंगत असतो, आणि थोड्या वेळाने पोलीस दमतो. सील नसतं तर मी ते नुसतं 'छान आहे' म्हणून ऐकलं असतं.

चेहऱ्याचा विषय निघाला की ॲफेक्स ट्विन या नावाने संगीत करणारा रिचर्ड जेम्स टाळता येत नाही. त्याने स्वतःचं दात विचकणारं हसू इतक्या ठिकाणी चिकटवलं, १९९९ च्या एका सिंगलवर तर बिकिनीतल्या बाईच्या धडावर, की चेहरा हा ओळख पटवायचा भाग न राहता मुखवटा झाला. त्याच सिंगलच्या दुसऱ्या रचनेत, जिचं नाव म्हणजे एक लांबलचक गणिती समीकरण आहे, एका ठिकाणी नुसता किरकिरा, कान कुरतडणारा आवाज येतो. तो आवाज वर्णपटाच्या आलेखावर, म्हणजे वेळ आडवी आणि कंपनसंख्या उभी मांडून, बघितला की त्यात चेहरा दिसतो. तोच, दात विचकणारा. कव्हर आवाजाच्या आत जाऊन बसलेलं! ही युक्ती उलट बाजूने रशियात येव्हगेनी मुर्झिनने आधीच केली होती. त्याच्या एएनएस सिंथेसायझरमध्ये काळा लेप दिलेल्या काचेवर खरवडून चित्र काढायचं आणि यंत्र प्रकाशाने ते वाचून वाजवणार. इंग्लंडमध्ये डॅफ्नी ओरम ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आकार रंगवून सूर काढत होती. त्यांच्याकडे चित्र आधी होतं, आवाज नंतर. याच जेम्सच्या १९९४ च्या सौम्य अल्बमात एखादा अपवाद सोडला तर रचनांना नावंच नाहीत, प्रत्येकीसाठी एक छायाचित्र. आणि २०१४ च्या 'सायरो'च्या कव्हरवर ते कव्हर, ती सीडी, ती जाहिरात यांना किती खर्च आला त्याचा हिशेब, दुकानदाराच्या पावतीसारखा, ओळीने. हे मला चलाख वाटतं, आवडतंच असं नाही. छायाचित्रवाला अल्बम मात्र मी अजून 'तो भुरकट पोताचा', 'तो भिंतीवरच्या डागाचा' असाच ओळखते, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या माणसाशी त्याच खुणांनी बोलते.

सगळ्यांत लांब गेलेल्या कव्हरचा उल्लेख न करणं बरं नाही. व्हॉयेजर या अंतराळयानावरची सोन्याच्या मुलाम्याची तबकडी आपल्याकडे केसरबाईंमुळे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर अमेरिकन संगीतकार लॉरी स्पीगेलने केप्लरच्या ग्रहगतींवरून बेल लॅब्जमध्ये संगणकावर केलेली रचनाही आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. ग्रहांच्या गती सूर होऊन वर-खाली घसरत जातात. गळा नाही, बोट नाही. आणि कव्हर? ॲल्युमिनियमचं, त्यावर सुई कशी टेकवायची याची आकृती, चौदा पल्सारांवरून, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदणाऱ्या ताऱ्यांवरून, सूर्याचा पत्ता, आणि किती काळ लोटला ते मोजता यावं म्हणून युरेनियम-२३८ चा पातळ थर, ज्याचं अर्धं आयुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षं. गाणाऱ्याचा फोटो तिथे निरुपयोगीच होता. ज्याला गळा म्हणजे काय हेच माहीत नसेल त्याला केसरबाई आणि स्पीगेल सारख्याच अनोळखी.

आता कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं झालं आहे. त्यातही वेडेपणा करणारे करतात. २०११ मध्ये मॅकिंटॉश प्लस या नावाने आलेल्या 'फ्लोरल शॉप'चं गुलाबी कव्हर, त्यावर ग्रीक सूर्यदेवाचा अर्धपुतळा, काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन, जपानी अक्षरं. आतलं संगीत म्हणजे जुनी पॉप गाणी वेग कमी करून, कापून, पुन्हा जोडून केलेली. कित्येकांनी ते चित्र हजारदा पाहिलं आहे आणि एकदाही ऐकलेलं नाही. अशांवर हसायचा हक्क मला नाही, तरी हसते. दुसरीकडे पन्नास-शंभर प्रतींच्या कॅसेटी निघतात, हाताने शिवलेली पाकिटं, आत वाळलेलं पान, जुन्या नकाशाचा तुकडा. त्या मिळाल्या की मी आधी वास घेते, मग पाकीट उलटसुलट करते, मग आठवण आली तर ऐकते. स्वीडनच्या एका छोट्या कंपनीने तर मेर्झबाउ या जपानी गोंगाट-संगीतकाराच्या १९९४ च्या अल्बमची एक प्रत मर्सिडीज गाडीच्या प्लेअरमध्ये कायमची बसवून ती गाडीच विक्रीला काढली होती. गाडी सुरू केली की गोंगाट सुरू, बंद करायची सोय नाही. कुणी घेतली नाही. मग गाडीच मोडली. इतकं मोठं कव्हर पुन्हा झालं नसेल.

आणि ज्यांना कव्हर मिळालंच नाही त्यांचं काय? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मोग सिंथेसायझर उभा करून दिला. पुढची तीनेक वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी त्यावर काम केलं आणि टेप संग्रहात राहिल्या. पॉल पर्गसने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये अल्बम निघाला. अर्धशतक. क्राफ्टवेर्कच्या शंकूच्या आधी सुरू झालेलं हे काम, आणि त्यावर कुणाची थट्टाही झाली नाही, कारण थट्टा करायला तरी काहीतरी दिसावं लागतं. त्या बसलेल्या बाखाचं मोल मला इथे कळतं. हास्यास्पद का होईना, तो दुकानाच्या फळीवर होता.

त्या संग्रहातल्या माथुरांच्या एका रचनेचं नाव आहे 'वन्स आय प्लेड अ तानपुरा'. तानपुरा वाजवणारा माणूस आमच्या गाण्याच्या रेकॉर्डींवर बहुतेकदा कडेला अर्धा कापलेला असतो, नाहीतर नसतोच. नाव तर क्वचितच. तरी त्याची ती गुंजारव करणारी, कुठून सुरू झाली आणि कुठे संपेल ते न सांगणारी धून ऐकताना आम्ही कधी विचारलं नाही की हा आवाज कुणाचा, बघायचं कुठे. माथुरांची रचना ऐकायला घेतली तेव्हा मला कव्हर बघायची आठवण झाली नाही. आता मित्राशी माझा वाद चालू आहे. तो म्हणतो, शीर्षकात तानपुरा होता, म्हणजे तेच तुझं कव्हर. मी म्हणते, शीर्षक मी नंतर वाचलं. त्याचा विश्वास बसत नाही.